ढोलाचे मागचे पान

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो. अंगाने मोठा, पोटाने गोल, दोन्ही तोंडांना कातड्याने मढवलेला. ओस्टरवार्ड या नदीकाठच्या गावात फुटबॉलच्या मैदानावर, गोलच्या मागच्या पायऱ्यांवर माझे आयुष्य गेले. आता मी त्याच पायऱ्यांच्या पोटात असलेल्या एका खोलीत खुर्चीवर बसलेला असतो. पुढच्या बाजूला मला एवढे भोक आहे की तुमचा हात कोपरापर्यंत आत जाईल. नवा माणूस खोलीत आला की विचारतो, "हा फुटका ढोल इथे कशाला ठेवलाय?" त्याचे उत्तर लांब आहे.

ढोलाच्या कातड्याला पान म्हणतात. मला दोन पाने. पुढच्यावर टिपरू पडते. ते मार खाते, झिजते, काही वर्षांनी बदलावे लागते. मागच्या पानाला कोणी हात लावत नाही. पण घुमते ते तेच. आवाज ओळखीचा वाटतो तो त्याच्यामुळे.

माझे अंग होड्या बांधणाऱ्याच्या कारखान्यात तयार झाले. बीच झाडाच्या लाकडाची फळी वाफेवर मऊ करून वाकवली आणि तिला पितळी खिळे मारले. कातडी आणली हार्टोख वेलमनने. त्याच्या वडिलांचे मासळी बाजारामागे खाटकाचे दुकान होते, गावातले ज्यू लोक मांस तिथूनच घेत. त्या दुकानातल्या वासरांची ती कातडी. हार्टोखने ती चुन्यात भिजवली, केस खरवडले, ओली असतानाच कड्यांवर ओढून बसवली आणि सावलीत वाळू दिली. मग दोन्ही कड्यांमधून आडवातिडवा दोर ओवला आणि दोरावर चामड्याच्या पट्ट्या चढवल्या. पट्ट्या एका बाजूला सरकवल्या की पान ताणले जाते, उलट सरकवल्या की सैल होते.

आमच्या क्लबचे नाव रीटव्होगल्स. निळे पांढरे सदरे. हार्टोख त्यात खेळायचा, पण वाईट खेळायचा. शेवटी कप्तानच म्हणाला, "हार्टोख, तू बाहेरच बरा. चेंडूवर तुझा पाय बसत नाही, ढोलावर निदान हात तरी बसतो." हार्टोख हसला आणि त्या रविवारपासून गोलच्या मागे उभा राहिला. असा मी आणि तो, आम्ही दोघे एकदमच कामाला लागलो.

त्याची मुलगी डिना चार वर्षांची होती. ती माझ्या मागे उकिडवी बसायची आणि मागच्या पानाला कान लावायची. "बाबा, हा पोटातून बोलतो," असे म्हणायची. सामना संपला की हार्टोख घाई करत नसे. लोक कॉफी प्यायला जात आणि तो एकेक पट्टी उलट सरकवत बसे. डिना विचारी, "आता का सोडतोस?" तो म्हणे, "दिवसभर ताणून ठेवलं की कातडं रागावतं. रागावलं की फाटतं. घरी जाताना सैल करायचं, आलं की ओढायचं." मग ती आपल्या बोटांनी शेवटची पट्टी सरकवी.

पुढे युद्ध आले आणि जर्मन सैन्य गावात शिरले. दुसऱ्या वर्षी पानगळीच्या दिवसांत मैदानाच्या फाटकावर पाटी लागली: ज्यूंना प्रवेश नाही. पोहण्याच्या तलावावर, व्यायामशाळेवर, सगळीकडे लागली. क्लबचा चिटणीस एव्हर्ट हा हार्टोखचा बालमित्र. तो हार्टोखच्या दारात येऊन टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"पाटी आम्ही नाही लावली, हार्टोख."

"मग काढ."

एव्हर्टने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "थोडे दिवस घरी थांब. निवळेल सगळं. तुझी जागा कुठे जात नाही."

हार्टोखने मला उचलले आणि त्याच्या हातात दिले. "सैल केलाय. असाच ठेव. मी आल्यावर ओढीन."

त्या रविवारीही सामना झाला, मित्रांनो. दोन्ही संघ पूर्ण होते. लोक आले, ओरडले, गोल झाला तेव्हा टोप्या उडाल्या. फक्त ढोल वाजला नाही. का वाजला नाही, असे कोणी विचारले नाही. क्लबच्या माळ्यावर जुन्या जाळ्यांखाली पडल्या पडल्या मी ते सगळे ऐकत होतो.

हार्टोख आला नाही. त्याला, त्याच्या बायकोला आणि म्हाताऱ्या आईवडिलांना आगगाडीत घालून पोलंडला नेले. तिथे छावण्या होत्या. माणसांना बंद खोलीत कोंडायचे आणि विषारी वायू सोडायचा. मुले, म्हातारी, कोणी सुटले नाही. गुन्हा एवढाच की ती ज्यू होती. डिनाला तेवढे एका शेतकऱ्याने गवताच्या माळ्यावर लपवून वाचवले. हे सारे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी सैल होतो आणि वाट बघत होतो.

युद्ध संपल्यावर मला माळ्यावरून काढले. एव्हर्टने स्वतः पट्ट्या ओढल्या. "हा हार्टोखचा," असे तो कोणाला तरी म्हणाला. काही वर्षे तो असे म्हणे. मग तोही म्हणेनासा झाला. माझे पुढचे पान बदलले, पुन्हा बदलले. मागचे तेच राहिले.

त्यानंतरची वर्षे भरभराटीची होती. संघ वरच्या गटात चढला. वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले. लोक म्हणत, ढोलाशिवाय रीटव्होगल्स म्हणजे मिठाशिवाय बटाटे. कित्येक हात माझ्यावरून गेले आणि अखेर मी रिनुसकडे आलो.

रिनुस जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. हात राकट, बोलणे त्याहून राकट. पण मला जपायचा. दमट हवेत पान ढिले पडते, म्हणून सामन्याआधी मला कँटीनच्या हीटरजवळ ठेवायचा. पाऊस आला की स्वतःचा कोट माझ्यावर टाकायचा. त्याची बायको म्हणायची, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या डोक्यावर कधी छत्री धरली नाही या माणसाने." रिनुस म्हणायचा, "तू भिजलीस तर आवाज बदलत नाही तुझा." पायऱ्यांवरचे सगळे त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवायचे. तो हात उचलेल तेव्हा हजार माणसे थांबायची.

तिथेच दुखणे होते.

नदीच्या खालच्या अंगाला हामर्सव्हेन नावाचे गाव आहे. त्यांचा क्लब आमचा जुना वैरी. खूप पूर्वी त्यांचा एक अध्यक्ष ज्यू होता, तेवढ्यावरून आमचे लोक त्या संपूर्ण क्लबला 'ज्यू' म्हणायचे. त्यांच्या संघात एकही ज्यू नव्हता, पण शिवी चिकटली ती चिकटली. आणि एक रीत पडली. रिनुस तीन ठोके द्यायचा आणि टिपरू हवेत धरायचा. मी गप्प झालो की सगळ्या पायऱ्यांमधून आवाज यायचा: स्स्स्स्स. नळी उघडल्यावर वायू सुटतो तसा. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरेही ओठ चिमटून तो आवाज काढायची, कशाचा आहे हे न कळता. मग हशा व्हायचा. मग पुन्हा तीन ठोके.

एकदा कोणीतरी हटकले तेव्हा रिनुस म्हणाला, "चिडवायचं असतं रे. खेळ आहे. आणि वाईट वाटून घ्यायला इथे ज्यू उरलाय कोण?"

एका सामन्यात कुणीतरी मोबाईलवर ते सगळे टिपले आणि ते टीव्हीवर दाखवले गेले. रिनुसचा टिपरू उचललेला हात अगदी मधोमध होता. क्लबने बोलावून घेतले. दोन वर्षे मैदानाचे तोंड बघायचे नाही; नाहीतर एक मोसम बाहेर राहायचे आणि दर मंगळवारी संध्याकाळी पायऱ्यांखालच्या खोलीत वर्गाला बसायचे. असा वर्ग क्लबने नुकताच सुरू केला होता. खेळाडूंनी, प्रशिक्षकांनी आणि अशा पकडल्या गेलेल्यांनी तिथे शिकायचे, की मैदानावर ज्यूंचा द्वेष कुठून आला आणि तो थांबवायचा कसा.

"या वयात शाळा?" रिनुस म्हणाला. "शाळेने मला एकदा हाकललंय. परत कशाला जाऊ?"

त्याच्या शेजारी उभा राहणारा श्याक, त्याच्याबरोबरच पकडला गेलेला, म्हणाला, "चल रे. कॉफी फुकट आहे. एक कप, एक बिस्कीट. दुसऱ्या बिस्किटाला हात लावलास तर मात्र आणखी दोन वर्षं बाहेर."

वर्ग घ्यायला लोटे नावाच्या बाई होत्या. गावातल्या शाळेत खेळ शिकवायच्या. पहिले काही मंगळवार सगळे हाताची घडी घालून बसले. लोटेबाई रागावल्या नाहीत. एक दिवस त्या सगळ्यांना गावातून चालवत घेऊन गेल्या. मासळी बाजारामागे सायकलच्या दुकानासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे वेलमन खाटकाचं दुकान होतं." रिनुस वर्षानुवर्षे त्याच भिंतीला सायकल टेकवत आला होता. आताही टेकवलेली सायकल त्याने भिंतीपासून ओढून घेतली. येताना सायकल हातात धरून चालत आला.

शेवटच्या मंगळवारी गावातल्या एक बाई बोलायला येणार होत्या. त्या दिवशी रिनुस मला घेऊन आला. श्याकने विचारले, "ह्याला कशाला आणलंस?" रिनुस म्हणाला, "त्यांना कळू दे, आम्ही नुसते गुंड नाही. आमच्याकडेही जुनं काही आहे."

बाई आल्या. लहानखुऱ्या, राखाडी कोट, मांडीवर पर्स. बसताना त्यांनी मला पाहिले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"हा कुठला?"

"आमचा ढोल, बाई," रिनुस कौतुकाने म्हणाला. "क्लबएवढा जुना."

"वाजवा बघू."

रिनुसने वाजवला. हाताला जी सवय होती तेच वाजले. तीन ठोके, आणि टिपरू वर. खोलीत शांतता झाली. आणि मागच्या खुर्चीवरून श्याकच्या तोंडून आपसूक निघाले, "स्स..." त्याने ते लगेच गिळले. खुर्ची करकरली. कोणी कोणाकडे बघेना.

बाईंनी मागे वळून पाहिले नाही. "हेच," त्या म्हणाल्या. "माझी खिडकी नदीच्या बांधाच्या पलीकडे आहे, तिसऱ्या मजल्यावर. रविवारी मी ती उघडते. माझ्या वडिलांना, हार्टोख वेलमनना, थडगं नाही. फोटो एकच आहे, त्यात ते हललेत, चेहरा नीट दिसत नाही. हा आवाज तेवढा राहिलाय. मागचं पान त्यांनी चढवलं होतं, मी शेजारी बसले होते. तो ऐकायला मी खिडकी उघडते. मग तुम्ही थांबता आणि हे सुरू होतं. मग मी खिडकी लावते."

त्या डिना होत्या. मित्रांनो, मी त्यांच्या कानाला इतक्या जवळून ओळखत होतो आणि तरी त्यांचा चेहरा मला ओळखू आला नव्हता.

रिनुसने विचारले, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत, वेलमनबाई?"

"कुणाला?"

त्याने टिपरू माझ्यावर आडवे ठेवले. तो म्हणाला, "हा तुमचाच आहे. घेऊन जा तुम्ही."

"तीन जिने चढवून? आणि वाजवू कुणासाठी?" त्यांनी पर्स उघडली, बंद केली. "हामर्सव्हेनचा सामना परत कधी आहे?"

"मार्चमध्ये. तोवर माझी बंदी संपते."

"त्या दिवशी थांबू नका. तुम्ही थांबलात की ते सुरू होतं."

"नाही थांबणार."

"मी खिडकी उघडी ठेवीन," त्या म्हणाल्या. आणि उठताना लोटेबाईंना म्हणाल्या, "मी एकदाच येईन म्हटलं होतं. पुन्हा बोलवू नका. दोन दिवस झोप येत नाही मला."

मार्च आला. त्या रविवारी सकाळपासून बारीक, बोचरा पाऊस होता. माझे पान ढिले पडू लागले, म्हणून रिनुसने पट्ट्या ओढल्या. पुन्हा भिजले, पुन्हा ओढल्या. मला आतून कळत होते की हे फार होते आहे. बांधापलीकडे तिसऱ्या मजल्यावरची खिडकी सताड उघडी होती. पडदा पावसात भिजून बाहेर लोंबत होता.

सामना सुरू झाला आणि रिनुस वाजवू लागला. तीन ठोके झाले. लोकांनी ओठ चिमटले. रिनुसने चौथा दिला, पाचवा दिला.

"थांब की," वरच्या पायरीवरून कोणीतरी म्हणाले. "आता थांबायचं असतं."

"मला माहितेय कधी थांबायचं असतं."

"हात अडकला का रे तुझा?"

"हो, अडकला."

लोक हसले. मग हसेनासे झाले. "त्या वर्गात कॉफीतून काय पाजलं ह्याला?" "रिनुस आता ज्यूंचा ढोलक्या झाला." एक बिअरचा पेला येऊन त्याच्या पाठीवर फुटला. इथून तिथून फुसकारे उठत होते, पण माझ्याखाली बुडत होते. श्याक सरकून रिनुसच्या मागे उभा राहिला, म्हणजे पुढचा पेला स्वतःच्या अंगावर पडेल.

मध्यंतर झाले तरी रिनुस थांबला नाही. त्याच्या तळहाताला फोड आले आणि फुटले. उत्तरार्धात हामर्सव्हेनने गोल केला. पायऱ्या खवळल्या. रिनुसने सगळा जीव एकवटून टिपरू हाणले आणि मी फाटलो.

कातडे फाटताना काय होते ते मला नीट सांगता येणार नाही. एकदम खूप वारा आत आला. आणि एकदम शांतता झाली. रीतीप्रमाणे जशी व्हायची तशीच.

मग ते आले. स्स्स्स्स. सगळे नव्हते त्यात. खालच्या पायऱ्यांवर पुष्कळ लोक गप्प होते, काही आपल्या पोरांच्या तोंडावर हात ठेवत होते. पण वरच्या रांगा भरल्या होत्या, आणि तेवढ्या पुरतात. रिनुस टिपऱ्याने माझे लाकडी कडे बडवत राहिला, टक टक टक. ते दोन पायऱ्यांच्या पुढे गेले नाही. त्याने मान वर करून बांधापलीकडे पाहिले. म्हातारे हात पडदा आत ओढत होते. मग खिडकी लागली.

दोन दिवसांनी रिनुस आणि श्याक मला दोन्हीकडून धरून तीन जिने चढले. डिनाबाईंनी दार उघडले.

"मी सांगितलं होतं थांबणार नाही म्हणून," रिनुस म्हणाला.

"ऐकलं मी. खूप वेळ वाजवलंत." त्यांनी मला टेबलावर ठेवायला सांगितले. "पावसात इतकं ताणायचं नसतं. बाबा रागावले असते तुमच्यावर."

"नवं पान घालून देतो."

त्यांनी भोकातून हात आत घातला आणि मागच्या पानावर आतून टेकवला. त्यांच्या वडिलांनी ते खरवडून कड्यावर बसवले त्या दिवसापासून आतल्या बाजूला कोणाचाही हात लागला नव्हता. बोटे हळूहळू फिरली, जशी आंधळ्याची चेहऱ्यावरून फिरतात तशी. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. श्याक खिडकीबाहेर बघत नाक पुसत होता.

"घालू नका नवं," त्या म्हणाल्या. "घातलंत तर पुन्हा आत जाता येणार नाही." मग एकेक पट्टी उलट सरकवू लागल्या. ओल्या दोरावर त्यांच्या बोटांचा जोर पुरत नव्हता, म्हणून रिनुसने हात लावला. शेवटची पट्टी त्यांनी स्वतःच सरकवली.

"पुढच्या वर्गाला कोण कोण आहे?" त्यांनी विचारले.

"लोटेबाई म्हणत होत्या, पुष्कळ आहेत. बहुतेक वरच्या रांगेतले."

"मग मंगळवारी न्यायला या मला, आणि ह्यालाही. जिना उतरताना आधार लागतो."

त्या येत राहिल्या. किती तरी वर्षे, झोप मोडून येत राहिल्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांना थडगे आहे, आणि त्यावर त्यांच्या वडिलांचेही नाव कोरून घेतले आहे.

ते फुसकारणे संपले का, असे तुम्ही विचाराल. नाही संपले. कमी झाले आहे. कधी कधी वरून अजून ऐकू येते, आणि खाली खोलीत मला ते थेट भोकातून आत येते. मग पुढच्या मंगळवारी खुर्च्या वाढतात. नवे लोक हाताची घडी घालून बसतात. रिनुस आता म्हातारा झाला आहे. तो बोलत फारसा नाही. लोटेबाईंची गोष्ट सांगून झाली की प्रत्येकाला पुढे बोलावतो आणि म्हणतो, "हात घाल आत." काही जण हसत येतात. मागच्या पानाला बोटे लागली की बहुतेकांचे हसू राहते तोंडावरच, पण त्यात हसण्यासारखे काही उरत नाही. काही जण तसेच हसत परत जातात. तेही मी पाहिले आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून, झाकून नीट ठेवा, एवढेच सांगायला मी तुम्हाला थांबवले नाही. मैदानावर, शाळेत, गल्लीत एखादा ओळखीचा आवाज अचानक ऐकू येईनासा झाला, तर का, असे विचारा. त्या रविवारी सामना चालू होता आणि एकानेही विचारले नाही. मी माळ्यावरून वाट पाहत होतो, कोणीतरी विचारील म्हणून.

वर्ग संपला की श्याक कॉफीचे कप विसळतो आणि रिनुस माझ्याशेजारी येऊन पट्ट्या उलट सरकवतो. पुढचे पान फाटलेले आहे, पण मागचे शाबूत आहे, त्याला जपायचे असते. उद्या रिनुस नसेल, तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी हे काम करा. मला सैल करून ठेवा. ज्याने येऊन ओढायचे तो येणार नाही, हे मला आता माहीत आहे. तरी सैल करून ठेवा.